त्याच्या राज्यात पाऊस पडतो का, ते आधी विचार

पत्र:

काका, मी सोलापुरातच बी.आर्क.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. माझा शाळेपासूनचा एक मित्र दिवसभर वडिलांच्या गारमेंट युनिटवर असतो, शाळांच्या युनिफॉर्मच्या ऑर्डरी बघतो, आणि रात्री माइनक्राफ्टमध्ये, म्हणजे ठोकळे रचून जग बांधायच्या कॉम्प्युटर गेममध्ये, एक काल्पनिक राज्य उभं करतो. तटबंदी, बाजारपेठ, घरं, सगळं त्याच्या डोक्यातलं. राजवाडा अजून अर्धवट आहे. मे महिन्यात त्याने आमच्या ग्रुपवर नकाशाची फाईल टाकली आणि मला उद्देशून लिहिलं, 'तू आर्किटेक्ट होणारेस, कसं झालंय बघून सांग की.' मी दोन तास बसून सगळं पाहिलं आणि स्क्रीनशॉटवर लाल रेघा मारून त्याच ग्रुपवर पाठवलं. घरांची छपरं चुकीची. बुरुजाला पाया नाही. जिन्यांना कठडे नाहीत. दरबाराचं दार बाथरूमचं वाटतं. घुमट चौकोनावर नुसता ठेवलाय. घरं कॉपी-पेस्ट आहेत. राजवाड्याच्या वरून पाणी वाहतं आणि खाली खोल्या, हे शक्यच नाही. शेवटी 'बाकी मस्त' लिहिलं. त्याचं उत्तर आलं, 'ओके.' त्यानंतर तो ग्रुपवर बोललेला नाही, आणि काम थांबवलंय असं कळलं. माझं काय चुकलं? खोटं कौतुक करायला हवं होतं का? खेळातल्या इमारतीकडे नक्की कसं बघायचं? आणि राजवाड्याचा एक भाग मीच बांधून दाखवला तर तो परत सुरू करेल का?
– एक विद्यार्थिनी, सोलापूर

उत्तर:

तुझ्या यादीतले सगळे मुद्दे एका मापाचे नाहीत. दाराचा मुद्दा अगदी नेमका आहे. तो एकटाच पाठवला असतास तर त्याने त्याच रात्री दार पाडून नवं बांधायला घेतलं असतं. पाण्याचा आणि कठड्यांचा मुद्दा मला पटत नाही, त्याची कारणं पुढे सांगतो. उरलेल्या चार गोष्टी त्याला विचारायच्या होत्या. तू त्यांचा परस्पर निकाल लावून टाकलास. खोट्या कौतुकाचा इथे प्रश्नच येत नाही. त्याने विचारलं, तुला दिसलं ते तू सांगितलंस, एवढ्यात काही गैर नाही.

गैर झालं ते सांगण्याच्या रीतीत, आणि ती रीत तू कॉलेजातून उचललीस. भिंतीवर शीट टाचायच्या, पुढे मॉडेल ठेवायचं, रात्रभर जागलेलं पोरगं बाजूला उभं आणि बाहेरून आलेले परीक्षक हातात पेन घेऊन फिरताहेत. कोणी विचारतं डक्ट कुठाय, कोणी विचारतं नॉर्थ का नाही दाखवली. मीही ज्यूरीला बसतो, म्हणून ती तशी का असते ते मला ठाऊक आहे. उद्या त्या इमारतीत माणसं राहणार असतात, स्लॅब कोसळला तर जीव जाणार असतो, म्हणून तिथे आधी दोष शोधायचे असतात. तुझ्या मित्राच्या राजवाड्यात कोणी मरणार नाही. मेलाच तर पुन्हा स्पॉन होईल, म्हणजे जिवंत होऊन खेळात परत येईल. शिवाय ज्यूरीत पोराला मार्क मिळतात, याला मिळाल्या नुसत्या लाल रेघा, आणि त्याही चारचौघांत. ग्रुपवर त्यानेच विचारलं होतं हे मान्य. पण विचारणाऱ्याने चौकात विचारलं म्हणून उत्तरही चौकातच द्यायला हवं असं नाही.

आणि ते 'बाकी मस्त' तर सरळ काढून टाक. कुठल्या कुठल्या ट्रेनिंगमध्ये शिकवतात की वर कौतुक, खाली कौतुक आणि मध्ये टीका भरायची. ही शेंगापोळी आता सगळ्यांच्या ओळखीची झाली आहे. पहिला घास घेतानाच माणूस आत काय सारण आहे ते हुंगतो आणि वरच्या पोळीची चव त्याला लागतच नाही. कौतुक करायचं असेल तर बोट ठेवून कर: बाजारातल्या अमुक कोपऱ्यावरचा पार बघून मी थांबले, तिथे बसावंसं वाटलं. हे त्याच्या लक्षात राहील, कारण तो पार त्याने बसून रचलेला आहे.

आता मुख्य गोष्ट. तू 'सगळं पाहिलं' असं लिहिलंस. मला शंका आहे की तू ते उडत पाहिलंस. माइनक्राफ्टमध्ये बांधणारे क्रिएटिव्ह मोडमध्ये हवेत तरंगत बांधतात, आणि स्क्रीनशॉटही तिथूनच काढतात. खेळणारा मात्र पायी येतो. त्या खेळात एक ठोकळा म्हणजे एक मीटर, खेळाडूची उंची १.८ ठोकळे आणि डोळा साधारण १.६२ वर. म्हणजे जवळपास तुझ्याच डोळ्याच्या उंचीवर. चालण्याचा वेग सेकंदाला सुमारे ४.३ ठोकळे. वेशीपासून राजवाड्यापर्यंतचा रस्ता २६० ठोकळ्यांचा असेल तर खेळाडूला न पळता मिनिटभर लागतो. त्या मिनिटभरात त्याला डावी-उजवीकडे काय दिसतं, कुठे मान वर होते, कुठे कंटाळा येऊन तो पळायला लागतो, हे हवेतून कधीच कळणार नाही.

तेव्हा तुझी ती रेघांची फाईल बंद कर आणि नकाशा नव्याने उघड. उडणं बंद. स्पॉनपासून, म्हणजे खेळाडू जिथे पहिल्यांदा अवतरतो त्या जागेपासून, सुरुवात कर आणि वेशीतून आत जा. जिथे रस्ता चुकलीस, जिथे थांबलीस, जिथे पुढे जाववेना, तिथे एफ३ दाबून त्या जागेचे एक्स-वाय-झेडचे आकडे टिपून घे. 'बाजाराच्या जवळ कुठेतरी काहीतरी बिनसलंय' यातून त्याला काही कळत नाही. आकडे दिलेस तर तो सरळ त्या ठोकळ्यावर येऊन उभा राहतो आणि तुला दिसलं तेच बघतो.

आणखी एक करून बघ. सेटिंगमध्ये रेंडर डिस्टन्स, म्हणजे किती लांबपर्यंतचं दिसावं ते, आठ चंकवर आण. चंक १६ ठोकळ्यांचा, म्हणजे १२८ ठोकळ्यांपलीकडे सगळं धुकं. जुन्या लॅपटॉपवर खेळणारी पोरं साधारण असंच काहीतरी ठेवतात. वेशीतून राजवाड्याचा शेंडा दिसावा म्हणून त्याने तो उंच केला असेल, आणि तुमच्या ग्रुपमधल्या निम्म्या जणांना तो वेशीतून दिसतच नसेल, तर ही गोष्ट त्याला कळायलाच हवी. त्याच्या दणकट मशीनवर ती त्याला कधीच दिसणार नाही. दुसऱ्याच्या डोळ्यांची गरज पडते ती अशाच ठिकाणी.

चालताना एक लक्षात घे. आपला भुईकोट तुला कधी एका नजरेत दिसलाय का? पार्क चौकाच्या अंगाने गेलं की खंदक दिसतो, मग एक तट, त्याच्या मागे दुसरा, आणि सिद्धेश्वर तलावाच्या बाजूने गेलं की तोच किल्ला पाण्यापलीकडे दिसतो. तुकड्यातुकड्याने कळतो म्हणून तो मोठा वाटतो. मित्राची तटबंदी वरून पाहिली तर सगळीच्या सगळी एकदम समोर येणार आणि खेळण्यातली वाटणार. त्यात त्याचा दोष नाही.

आता तुझे मुद्दे एकेक करून घेऊ.

दार. माइनक्राफ्टचं तयार दार एक ठोकळा रुंद आणि दोन उंच असतं, त्याहून मोठं मिळतच नाही. घराला ते शोभतं. वीस ठोकळे उंच दरबाराच्या भिंतीत मात्र ते न्हाणीघराचंच दिसणार, तुझं निरीक्षण शंभर टक्के खरं आहे. पण 'बाथरूमचं वाटतं' म्हटल्यावर त्याने पुढे करायचं काय? खेळात मोठं दार नाही, म्हणजे त्याच्यासमोर भिंतच. इथे तुझ्याकडे त्याला देण्यासारखी एक वस्तू होती. किल्ल्याच्या, वाड्याच्या महादरवाजांना दिंडी असते. दरवाजा हत्ती जाईल एवढा, बहुतेक वेळ बंद, आणि त्याच्याच एका फळीत माणूस वाकून जाईल एवढी दिंडी. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजाला तू ती पाहिली असशीलच. त्याने सात रुंद, नऊ उंच अशी लाकडी फळ्यांची बंद भिंत उभी करावी, कडेला दगडी चौकट आणि कमान, फळ्यांवर खिळ्यांच्या जागी दगडी बटणं, आणि खालच्या कोपऱ्यात खेळातलं तेच दोन ठोकळ्यांचं दार. खेळाची अडचणच मग दिंडी होऊन बसते. हे सुचवायला आर्किटेक्चर शिकणारी मैत्रीण असावी लागते. चूक दाखवायला कोणीही पुरेसं होतं.

छपरं. तू 'चुकीची' लिहिलंस, कारण तुझ्या डोक्यात आपल्याकडची माळवदाची घरं आहेत. सोलापूर, मराठवाडा, या पट्ट्यात पाऊस कमी आणि ऊन मरणाचं, म्हणून सपाट छत, त्यावर मातीचा जाड थर, उन्हाळ्यात आत गारवा. उताराची कौलारू छपरं कोकणातली, पाणी लगेच वाहून जावं म्हणून. मित्राने मात्र तीव्र उताराची टोकदार छपरं केली. कुठून आली ती? बहुधा यूट्यूबवरून. माइनक्राफ्टमध्ये 'मध्ययुगीन घर' शिकवणारे बहुतेक व्हिडिओ युरोपातल्या बर्फाळ गावांचे असतात: लाकडाच्या उभ्या-आडव्या पट्ट्या, मध्ये पांढरा गिलावा, वर टोकदार छप्पर. पोरं तेच बघून शिकतात. माझा स्वतःचा कल असा की आपल्या पोरांनी कधीतरी चौसोपी वाडाही बांधावा. पण तो माझा हट्ट झाला, त्याच्या नकाशाचा दोष नव्हे.

तू आधी बघायला हवं होतं ते वेगळंच. गाव कुठल्या बायोममध्ये, म्हणजे खेळातल्या कुठल्या हवामानाच्या मुलखात आहे? सव्हाना, वाळवंट किंवा बॅडलँड्समध्ये असेल तर त्या खेळात तिथे पाऊस पडतच नाही. आकाश भरून येतं आणि तसंच राहतं. अशा ठिकाणी उताराची छपरं खेळाच्याच नियमाशी जुळत नाहीत, आणि ते खरोखर सांगण्यासारखं आहे. तेव्हा त्याला विचार, 'तुझ्या राज्यात पाऊस पडतो का?'

हे खोचकपणे नको, खरंच विचार. कारण उत्तर काहीही येऊ शकतं. तो म्हणेल, 'अरे हां, हे लक्षातच नाही आलं.' नाहीतर म्हणेल, 'ही माणसं उत्तरेच्या बर्फातून पळून आली आहेत, घरं त्यांनी आपल्या गावाकडच्यासारखी बांधली.' असं म्हणाला तर तुझं तोंड बंद झालं पाहिजे, कारण हे छपराचं फार चांगलं कारण आहे. आपल्या सोलापूरच्या पूर्व भागात जाऊन बघ. तेलंगणातून विणकर आले, मागाबरोबर भाषा आणली, देव आणले, दुकानांवर तेलुगू पाट्या आल्या. माणसं नव्या मुलखात आली की जुना मुलूख बरोबर आणतात. मग तुझी सूचना अशी होईल: पहिल्या पिढीची घरं टोकदार ठेव, नंतरच्या घरांचा उतार हळूहळू कमी कर, आणि वेशीजवळच्या सगळ्यात नव्या घरांना सपाट माळवद दे. पाटी न लावता त्या गावाचा इतिहास रस्त्यावरून दिसेल. एका प्रश्नातून एवढं निघतं. 'चुकीची' या शब्दातून काहीच निघत नाही.

पाणी. हा मुद्दा वाचून मला हसू आलं, राग मानू नकोस. राजवाड्यावरून पाणी आणि खाली कोरड्या खोल्या हे शक्य नाही म्हणतेस, आणि सोलापुरात राहतेस! हैदराबाद रस्त्याने तासाभरावर नळदुर्ग आहे. किल्ल्यात बोरी नदीवर बांध घातलेला आहे आणि त्या बांधाच्या पोटात पाणी महाल आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातलं, १६१३ सालचं काम. पावसाळ्यात बांध भरला की नर आणि मादी या दोन सांडव्यांवरून पाणी कोसळतं, महालात उभं राहिलं की ते समोरून पडताना दिसतं, आणि आतला माणूस कोरडा. तुझ्या मित्राने हे बघून केलं असेल किंवा त्याला आपोआप सुचलं असेल, दोन्ही तितकंच चांगलं आहे. काल्पनिक जगातली इमारत 'अशक्य' आहे असं लिहिण्याआधी जवळपास कोणी ती बांधून ठेवली आहे का, एवढं बघून घ्यावं.

पण पाण्याबाबत तुला एक खरी खोट दाखवता येईल, आणि ती चालल्याशिवाय दिसत नाही. त्या खोलीत जा आणि वर बघ. छत एकाच ठोकळ्याचं असेल आणि त्याच्या लगेच वर पाणी असेल, तर खालच्या अंगाने थेंब टपकताना दिसतात. खेळच ते दाखवतो. म्हणजे राजाच्या निजायच्या खोलीत छत गळतंय. छत दोन ठोकळ्यांचं केलं की थेंब बंद. दोन मिनिटांचं काम. हे त्याला सांगितलंस तर तू त्या खोलीत जाऊन वर बघितलंस हेही त्याला कळतं, आणि माझ्या मते ते सूचनेपेक्षा मोलाचं आहे.

कठडे. खऱ्या जिन्याला कठडा नसेल तर मी नकाशावर सही करणार नाही. खेळात मात्र आधी विचारावं लागतं की पडणं हा खेळाचा भाग आहे का. माइनक्राफ्टमध्ये तीन ठोकळ्यांपर्यंत पडलं तर काही होत नाही, त्यापुढे इजा वाढत जाते, आणि पूर्ण ताकद असलेला खेळाडूही २३ ठोकळ्यांवरून कोसळला तर मरतो. बुरुजातला अरुंद, उघडा जिना मुद्दाम जीव मुठीत धरायला लावण्यासाठी ठेवला असेल, तर कठडा लावून तू त्याचा डावच मोडशील. बाजारातल्या दुकानाच्या माडीला कठडा नसेल तर तो बहुतेक विसरला असेल. दोन्हींवर एकच लाल रेघ मारलीस, तिथे गडबड झाली.

बुरुजाचा पाया. खेळात वाळू, खडी अशा मोजक्या ठोकळ्यांनाच वजन आहे, बाकी दगड हवेत टांगला तरी तसाच राहतो. त्यामुळे 'पाया नाही' म्हटलं की तो म्हणणार, लागत नाही. तुला खुपलं ते बहुधा निराळं असावं: बुरुज सपाट गवतातून नळकांड्यासारखा सरळ वर निघतो. आपल्याकडचे बुरुज तळाशी फुगीर असतात आणि वर निमुळते होत जातात, बुडाशी मोठे ओबडधोबड चिरे, आजूबाजूला पडलेला दगड-माती. तळाला एकेक ठोकळा बाहेर काढून पायऱ्यांच्या ठोकळ्यांनी उतार दिला, बुडाला गडद दगड वापरला, की डोळ्याला वजन जाणवतं. याबद्दल शब्द खर्च करण्यापेक्षा भुईकोटाच्या बुरुजाचा बुडाशी काढलेला एक फोटो पाठव.

घुमटावर मात्र थोडा वेळ काढ, कारण राजवाडा अर्धवट आहे आणि अजून बदल करायला जागा आहे. 'चौकोनावर नुसता ठेवलाय' हे तुझं म्हणणं खरं आहे असं धरून चालतो. चौकोनी दालनावर गोल घुमट आणायचा तर चारी कोपरे उघडे पडतात, ही जगभरच्या गवंड्यांची जुनी डोकेदुखी. यावरचं एक जबरदस्त उत्तर विजापूरला आहे. गोलघुमटात, महंमद आदिलशहाच्या कबरीवर, चौकोनी दालनाच्या भिंतींमधून एकमेकींना छेदणाऱ्या आठ कमानी आत झुकत वर जातात. त्यामुळे चौकोनाचा अष्टकोन होतो, अष्टकोनावर गोल कडं बसतं, आणि त्या कड्यावर घुमट. बाहेरून घुमटाचा व्यास साधारण ४४ मीटर, म्हणजे खेळात ४४ ठोकळे, जसाच्या तसा बांधता येईल असा. मित्राला सांगण्यासारखं एवढंच: घुमटाच्या खाली उभी राहून वर पाहिलं तर कोपऱ्यात चौकोन एकदम संपतो आणि गोल एकदम सुरू होतो. मध्ये एक पायरी हवी. चार कोपरे उलट्या पायऱ्यांच्या ठोकळ्यांनी तिरके कापून अष्टकोन कर, मग गोल. बाहेरून फरक पडणार नाही, आतून दालन उंच वाटायला लागेल. तुम्ही दोघं एखाद्या रविवारी विजापूरला गेलात तर सगळ्यात बरं. सज्जात उभं राहून कुजबुजायचं सगळे करतात. तुम्ही खाली उभे राहून कोपरे बघा.

घरं कॉपी-पेस्ट आहेत, हे बरोबर. पण शेकडो घरं प्रत्येकी वेगळी बांधायची तर तो म्हातारा होईल. कुंभारीची विडी घरकुल वसाहत बघ. दहा हजार घरं, नकाशा एकच, तरी आज गल्लीतून चाललं तर दोन घरं सारखी वाटत नाहीत. कोणी पुढे पत्रा टाकलाय, कोणी ओटा वाढवलाय, कोणी हिरवा रंग दिलाय, कुठे दारात शिलाई मशीन. त्यामुळे घर बदलायला सांगू नकोस. रस्त्याकडच्या काही घरांपुढे उभी राहून विचार, 'इथे कोण राहतं?' उत्तर आलं की दारापुढे काय ठेवायचं ते त्याचं त्यालाच कळेल.

आता त्याच्याशी बोलायचं कसं. पहिली गोष्ट, 'ओके' म्हणजे तो दुखावलाच असं धरू नकोस. तू पत्रात मे महिना लिहिला आहेस. युनिफॉर्मवाल्यांना शाळा उघडेपर्यंत जेवायला फुरसत नसते. रात्री अकराला युनिटवरून आलेला माणूस लाल रेघांचे स्क्रीनशॉट बघून 'ओके' शिवाय काय लिहिणार? दुखावलाही असेल. पण काम थांबलं त्याला तू एकटी जबाबदार आहेस, असं मानून लांबलचक माफीनामा पाठवलास तर त्यालाच तुझी समजूत काढत बसावं लागेल. तेव्हा ग्रुपवर काही नको, त्याला एकट्याला लिही, आणि साधं लिही. साधारण असं:

'त्या दिवशी ग्रुपवर कॉलेजच्या ज्यूरीसारखं लिहिलं, तसं लिहायला नको होतं. काल तुझ्या गावात वेशीपासून चालत फिरले. पाण्याखालच्या खोलीत बराच वेळ थांबले, नळदुर्ग आठवला. दरबारापाशी मुख्य दार कुठलं ते कळेना, मागून वळसा घालून आले. त्यावर एक आयडिया आहे, हवी असेल तर सांगते. आणि एक विचारायचंय, तुमच्या राज्यात पाऊस पडतो का?'

यातलं जे खरं घडलं तेवढंच ठेव. वळसा घातला नसशील तर घातला म्हणू नकोस. 'हवी असेल तर' हेही नुसतं शोभेला नाही. तो नको म्हणाला तर दिंडी तुझ्यापाशीच राहू दे. राज्य त्याचं आहे, पगार तुला कोणी देत नाही, आणि पुढे क्लायंट मिळाले की न मागता दिलेल्या आयडियांचं काय होतं ते तुला कळेलच. तट आणि बाजार त्याच्या दृष्टीने पूर्ण झाले असतील तर तिथे फक्त थेंबांसारख्या चटकन सुधारता येणाऱ्या गोष्टी सांग. मोठं बोलणं अर्धवट राजवाड्याबद्दल कर. बांधून झालेलं पाडायला कोणालाच आवडत नाही, मग ते ठोकळ्यांचं का असेना.

राहिला तुझा शेवटचा प्रश्न, राजवाड्याचा भाग स्वतः बांधून दाखवू का. त्याने मागितल्याशिवाय नको. दुसऱ्याच्या शीटवर परस्पर रेघ ओढलेली तुलाही चालणार नाही. तो म्हणाला की कर, तर फक्त घुमटाचा एक कोपरा कर, अख्खा घुमट नको, म्हणजे उरलेले तीन त्याला करायला राहतील. आणि तुझ्याकडे आलेली फाईल त्याच्या नकाशाचीच प्रत आहे, तेव्हा काम सुरू करण्याआधी तिच्या फोल्डरचं नाव बदल. तू परत पाठवलंस आणि त्याने त्याच नावाचं फोल्डर सेव्हजमध्ये टाकून 'रिप्लेस' दाबलं, तर फाईल दिल्यानंतरचं त्याचं सगळं काम जाईल, आणि त्यावर मात्र माझ्याकडे सल्ला नाही.